केसभर

"तुझा हात चुकतो का गं?" शिराळकर वकिलांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या खुर्चीतून वस्ताद गरजले, "ह्या जन्मात न्हाई! केसभर म्हणून चुकायचा न्हाई. तळहातावर लिंबू ठेवा वकीलसायेब, पट्ट्याच्या एका वारात दोन फोडी. आन् तळहाताला ओरखडासुदीक न्हाई. म्या घडवलाय त्यो हात."

शिराळकरांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला, रुमालानं पुसला आणि पुन्हा न घालताच ते वस्तादांकडे बघत राहिले.

"वस्ताद, पोलिसांतही असंच बोललात?"

"बोललो की. छाती फुगवून बोललो. फौजदार म्हणाला, पोरगी काठी बरी चालवती म्हणं. मी म्हणलो, बरी? अहो, केसभर चुकत न्हाई तिचा हात."

"आणि त्यांनी ते लिहून घेतलं."

"शबूद न् शबूद."

"मग आता माझं ऐका," शिराळकर म्हणाले. "ही पोरगी तुरुंगात गेली तर तिच्या दाजीच्या भावकीमुळं जाणार नाही. तुमच्या ह्या एका वाक्यामुळं जाईल. सरकारी वकिलांनी तुम्हाला साक्षीला बोलावलंय. आपल्या बाजूनं नाही, त्यांच्या बाजूनं."

वस्तादांना गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हैबती वस्ताद म्हणजे आमच्या गावचं मोठं प्रस्थ. गाव कोल्हापूरपासून सायकलच्या पल्ल्यावर. तिथं मर्दानी खेळाची तालीम होती, म्हणजे लाठी, पट्टा असा जुना लढाईचा खेळ शिकवायची जागा. साठी उलटली तरी वस्तादांचा कणा ताठ, मिशा पांढऱ्या, आणि जीभ अशी की समोरच्यानं आधी चार पावलं मागं सरावं आणि मगच बोलावं. तालमीत पोरी घ्यायची पद्धत नव्हती. मी लहानपणी तालमीच्या खिडकीतून बघायची आणि घरी येऊन परसात काठी फिरवायची. ते त्यांनी एकदा पाहिलं आणि माझ्या आईला येऊन सांगितलं, "वयनी, ही पोरगी मला द्या. हिचा हात वाया घालवू नगासा." पुढं बारा-चौदा वर्षं तो हात त्यांनी घडवला. गाव म्हणायचं, वस्तादाला लेक नव्हती ती शालननं भरून काढली. मी म्हणायची, लेकीला कुणी एवढ्या शिव्या घालत नाही.

आमच्या तालमीचा दोन गोष्टींसाठी डंका होता. एक लिंबू, ते वर आलंच. दुसरी गोष्ट म्हणजे थांबवणं. शाळेतलं एखादं पोर समोर उभं करायचं, काठी गरगर फिरवत आणायची आणि त्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर जागच्या जागी थांबवायची. पोर डोळे मिटून घ्यायचं, तोवर काठी थांबलेली असायची. "मारता कुणालाबी येतंय," वस्ताद म्हणायचे. "थांबवता येतंय त्यो खेळाडू." हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की ते एक दिवस माझ्याच गळ्यात अडकेल असं मनातही आलं नव्हतं.

झालं होतं ते असं. माझी थोरली बहीण तानी नवऱ्याच्या माराला कंटाळून माहेरी येऊन राहिली होती. दाजी ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. पिऊन यायचा, दारात उभा राहून आयमाय काढायचा आणि झोकांड्या खात निघून जायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. त्या सकाळी मात्र तो न पिता आला. हातात कोयता होता आणि आवाज अगदी हळू होता. शुद्धीवरचा दाजी बघून मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

तानी परसात भांडी घासत होती. "हिला आज घिऊन तरी जातो, न्हाईतर हितंच ठिवतो," असं म्हणून तो तिच्याकडं चालायला लागला. दारामागं माझी काठी होती, ती घेऊन मी मधे उभी राहिले.

"दाजी, कोयता खाली टाका."

त्यानं कोयता उगारला.

पहिला वार मनगटावर बसला आणि कोयता पडला. दुसरा खांद्यावर, म्हणजे तो हात पुन्हा वर येऊ नये. आमच्यात हे दोन वार कुणी वेगळे मोजत नाही. दोन्ही मिळून एक डाव. पायरी उतरताना एक पाय टाकला की दुसरा मागून येतोच, तसा पहिल्या वारामागं दुसरा येतो. पण काठी वाटेत असताना दाजी कोयत्यासाठी वाकला, आणि जिथं खांदा होता तिथं कानशील आलं.

काही दिवस तो सरकारी दवाखान्यात बेशुद्ध होता, मग गेला. मला अटक झाली. फौजदारानं विचारलं, "कोयता पडल्यावर दुसऱ्यांदा का मारलंस?"

मी म्हणाले, "दुसऱ्यांदा कुठं? डाव एकच हुता."

ही वेडी आहे की बेरकी, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं पाहिलं. कुंपणापलीकडून शेजारणीनं कोयता पडलेला बघितला होता आणि नंतर काठी बसलेली बघितली होती. मधलं वाकणं कोयत्यासारखं चमकत नाही, ते तिच्या नजरेतून सुटलं. तानीनं तर डोळेच मिटून घेतले होते. जामीन मिळेपर्यंत आईचे केस पांढरे झाले.

"हे बघ शालन," शिराळकर आता माझ्याशी बोलत होते, "जीव वाचवायला मारायचा हक्क कायद्यानं सगळ्यांना दिलाय. स्वतःचा जीव असो, नाहीतर बहिणीचा. कोयता घेऊन अंगावर आलेला माणूस त्यात मेला तरी कायदा समजून घेतो. पण त्या हक्काला कुंपण आहे. लागेल तेवढंच मारायचं, आणि धोका टळला की थांबायचं. कोयता त्याच्या हातात होता तोवर कायदा तुझ्याशेजारी उभा होता. सरकारी वकील म्हणणार, कोयता पडला आणि कायदा उठून दाजीशेजारी जाऊन बसला."

"पर त्यो कोयता उचलाय वाकला हुता."

"असं तू म्हणतेस. आणखी कुणी बघितलं नाही. आता दुसरी एखादी बाई असती आणि तिनं घाबरून मुसळ घातलं असतं डोक्यात, तर कोर्ट म्हणालं असतं, जीव मुठीत धरून उभ्या राहिलेल्या बाईनं काय सोनाराच्या तराजूत तोलून मारायचं? पण तुझ्याकडं तो तराजू आहे. मी नाही म्हणत, तुझे वस्ताद म्हणतात. मग सरकारी वकील एवढंच विचारणार. जिचा हात केसभर चुकत नाही तिची काठी कानशिलावर बसली, म्हणजे तिनं कानशिलावरच मारली. बरोबर?"

मी वस्तादांकडे बघितलं. ते भिंतीकडे बघत होते.

"वस्ताद," वकील म्हणाले, "साक्षीला उभे राहाल तेव्हा एवढंच म्हणा, माणसाचा हात आहे, चुकू शकतो. त्यात खोटं काही नाही."

"मरंन," वस्ताद म्हणाले, "पर ह्ये माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं. आन् निघालं तरी कोण इस्वास ठेवंल? एवढ्या जत्रा गावानं डोळ्यांनी बघितल्यात."

"तेही खरंच. आता शब्दाला किंमत नाही. म्हणतील, शिष्येसाठी म्हातारा शब्द फिरवतोय. पुरावा असता तर गोष्ट वेगळी."

"कसला पुरावा?"

"तिचा हात चुकतो ह्याचा. तो कुठून आणणार? सोडा."

वस्तादांनी मान हलवली. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपमधून आम्ही गावाकडं निघालो. जीपवाला वस्तादांचा जुना चेला, तो खोड्या काढून दमला. गावाच्या फाट्यावर उतरलो, जीप निघून गेली, तेव्हा वस्ताद थांबले.

"शालन, खांद्यावर धरला हुतास?"

"व्हय, वस्ताद."

"आन् दाजी वाकला."

"व्हय."

"वाकल्यालं दिसलं तुला?"

"दिसलं."

"पोराच्या नाकापशी थांबती तुझी काठी. बोटभरावर. म्याच शिकवलंय. मग कानशिलापशी का थांबली न्हाई?"

"न्हाई थांबली."

वस्तादांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. "थांबली न्हाई, का थांबवली न्हाईस?"

जे होतं ते सांगून झालं होतं. ते वळले आणि माझ्यासाठी न थांबता गावाकडं चालू लागले. मी फाट्यावरच उभी राहिले. जी शंका सरकारी वकील काढणार होता ती माझ्या वस्तादांच्याच मनात होती. हात चुकत नाही, म्हणजे पोरीनं ठरवूनच मारलं. त्यांच्या अभिमानानंच मला खुनी ठरवलं होतं. तुरुंगाची भीती मला होतीच, पण त्या दिवसापासून माझं अन्न तुटलं ते ह्यामुळं.

त्यानंतर मी दिसले की ते तालमीचं दार लावून घ्यायचे. कुणाकरवी निरोप नाही, शिवी नाही, काही नाही. घरात तानी भिंतीला टेकून बसलेली असायची. एकदा म्हणाली, "शाले, तुझ्यापायी रांडमुंड झाले का तुझ्यापायी जित्ती हाय, मला कळंना झालंय." मी तिच्याशेजारी जाऊन बसले. गावात माझ्याविषयी नाना गोष्टी उठल्या. कुणी म्हणे, लाठी शिकलेल्याचं नाव पोलिसांत नोंदवावं लागतं, हिनं नोंदवलंच नव्हतं. कुणी म्हणे, असल्यांनी मारायच्या आधी तीनदा ओरडून सांगायला लागतं. कायदा कुणालाच ठाऊक नव्हता, पण सगळ्यांना तोंडपाठ होता. रस्त्यात मी समोरून आले की बाया पोरांना जवळ ओढून घ्यायच्या. ह्याच पोरांच्या नाकासमोर मी काठी थांबवत होते.

मरगाईची जत्रा जवळ आली तेव्हा एका दुपारी वस्तादांनी मला बोलावणं धाडलं. मी गेले तर ते तालमीच्या ओट्यावर एकटेच बसले होते. मांडीवर पट्टा, हातात दगड. पट्टा म्हणजे लांब, लवचीक पात्याची तलवार, तिच्या मुठीत कोपरापर्यंत हात आत जातो. ते पात्याला धार लावत होते. पाणी टाकायचे, दगड फिरवायचे, अंगठा लावून बघायचे आणि परत दगड फिरवायचे. आवाजानं माझ्या दातांत शिरशिरी आली.

"एवढी धार कशाला, वस्ताद? लिंबाला एवढी लागत न्हाई."

"जत्रंत लिंबू तू मारायचंस."

मला आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "जामिनावर हाय मी."

"पट्टा धरू नगं म्हणून लिवलंय का जामिनात?"

"न्हाई."

"मग धरायचा."

"वकील काय म्हणतील?"

"वकिलाचं मी बघतो."

"लिंबू कोण धरणार?" मी विचारलं. "माझ्याम्होरं आता कोण हात पसरतंय, वस्ताद?"

"मी पसरतो," ते म्हणाले आणि पुन्हा पात्यावर पाणी टाकलं.

वस्तादांनी कधीच लिंबू धरलं नव्हतं. लिंबू चेल्यांनी धरायचं आणि वस्तादांनी मिशीला ताव देत बाजूला उभं राहायचं, अशी रीत. मी म्हणाले, "तुम्ही नगासा." "जा घरला," एवढंच ते म्हणाले. मागाहून कळलं, जत्रेच्या आधी ते स्वतः घरोघर गेले होते. पोलीस पाटलाला, हेडमास्तरांना, ग्रामपंचायतीच्या मेंबरांना, एवढंच काय दाजीच्या थोरल्या भावाला त्याच्या गावी जाऊन आमंत्रण देऊन आले होते. म्हातारा पोरीची अब्रू धुवायला निघालाय, असं लोक म्हणाले. मलाही तसंच वाटलं आणि मी आशेला लागले. केसभर न चुकता लिंबू कापलं तर वस्ताद माझ्याशी पुन्हा बोलतील. कोर्टात त्यानं माझं वाटोळं होईल, हे कळत असूनही मला तेच हवं होतं. माणसाचं मन असं घातकी असतं.

जत्रेला त्या वर्षाएवढी गर्दी कधी झाली नाही. लोक लिंबू बघायला आले नव्हते, मला बघायला आले होते. उन्हाचा कडाका होता. देवळासमोरच्या मैदानात पाटलांच्या, मास्तरांच्या खुर्च्या मांडलेल्या, त्यांच्यामागं दाजीचा भाऊ हाताची घडी घालून उभा. हलगी वाजत होती. मी मरगाईला नमस्कार केला, पट्ट्याच्या मुठीत हात घातला आणि मैदानात आले. कुणी टाळी वाजवली नाही.

वस्ताद समोर येऊन उभे राहिले. डोक्याला नवा फेटा होता. त्यांनी लिंबू तळहातावर ठेवलं आणि हात पुढं केला. उजवा हात.

"वस्ताद, डावा," मी हळूच म्हणाले. लिंबू धरणारा डावाच हात देतो. उजवा हात म्हणजे खेळाडूची कमाई, तो कुणी पात्याखाली ठेवत नाही.

"मार."

"वस्ताद, डावा करा."

"सगळं गाव बघतंय. मार." मग फक्त मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते म्हणाले, "वाटंत थांबवता आला तर थांबीव."

त्याचा अर्थ लावायला मला उसंत मिळाली नाही. हलगीनं वेग घेतला होता. मी पट्टा फिरवत आणला. तळहाताच्या वर, लिंबाच्या बरोबर मधून पातं जायचं होतं. माझा हात जिथं पाठवला तिथंच निघाला होता, ही गोष्ट मी आजही मरगाईसमोर सांगेन. पातं वाटेत होतं आणि वस्तादांची बोटं वर आली. लिंबाभोवती मूठ मिटावी तशी. मला ती स्वच्छ दिसली. दाजीची मान वाकताना दिसली होती तशीच दिसली. मी जीव काढून हात मागं ओढला. खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं झालं.

पट्टा थांबला नाही.

हलगी दोन ठेके वाजून बंद पडली. लिंबाच्या दोन सारख्या फोडी मातीत पडल्या होत्या. शेजारी वस्तादांची दोन बोटं पडली होती. वस्ताद तसेच उभे होते, हात पुढं केलेला, आणि रक्त कोपरावरून गळत होतं.

"चुकला!" गर्दीतून कुणीतरी किंचाळलं. "हात चुकला पोरीचा!" मग सगळ्या जत्रेत एकच ओरडा झाला. मी पट्टा टाकून दिला आणि त्यांचा फेटा सोडवून हाताला गुंडाळला. ते माझ्या कानाशी म्हणाले, "रडू नगं. बघू दे त्येंना."

दाजी गेला त्याच दवाखान्यात त्यांना नेलं. शुद्धीवर होते तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत मला आत सोडलं नाही. मी गेले ती रागानंच गेले. रडून रडून माझे डोळे सुजले होते.

"बोटं का उचललीसा?"

"कोण म्हणतंय उचलली?"

"म्या बघितली!"

वस्ताद उशीवरून अर्धे उठले. "वार वाटंत असताना बघितलीस?"

"व्हय."

"मग थांबवला का न्हाईस?"

"थांबला न्हाई!" मी ओरडले. शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकला. "जीव खाऊन मागं वढला, वस्ताद. थांबला न्हाई!"

ते माझ्याकडं बघत राहिले. मग हळूहळू पुन्हा उशीला टेकले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बोटं तुटली तेव्हा आलं नव्हतं.

"थांबला न्हाई," ते म्हणाले. "व्हय. थांबवला न्हाईस असं न्हवं. थांबलाच न्हाई." त्यांनी डोळे पुसले. "उभ्या पोरापशी थांबतोय, कारण पोर हलत न्हाई. ज्यो हलला त्याच्यापशी कुणाचा थांबतोय? माझाबी थांबला नसता. लई दिवस झोप न्हवती मला, शालन. म्हणलं, पोरीला मारायला तर म्या न्हाई शिकवलं?"

"मी सांगितलं हुतं तुम्हाला. फाट्यावर."

"सांगितलं हुतंस. म्या ऐकलं न्हाई." त्यांनी डाव्या हातानं माझं डोकं थोपटलं. तेवढ्यासाठी मी किती दिवस उपाशी होते ते मला तेव्हा कळलं.

"आता कोर्टात ह्येच सांगा," मी म्हणाले. "बोटं म्याच उचलली म्हणून सांगा."

"खुळी का काय? कोर्टात मी सांगणार, तुझा हात चुकला."

"पर चुकला न्हाई!"

"ते तुला ठावं आन् मला ठावं. बोटं म्या उचलली म्हणलं की ती म्हणतील, बघा, हिचा हात चुकत न्हाईच. मग गेली का न्हाई माझी बोटं फुकट? तुला तालमीची आण हाय. तू तोंड उघडायचं न्हाईस."

मी मान खाली घातली. संध्याकाळी शिराळकर आले. त्यांनी पट्टी बघितली, माझं तोंड बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "वस्ताद, हे तुम्ही..." असं म्हणून ते मधेच थांबले. "नको. मला काही सांगू नका. मला फक्त हात दिसतोय."

कोर्टात वस्ताद उभे राहिले तेव्हा मी आरोपीच्या पिंजऱ्यात होते. खाली तानी आणि आई बसल्या होत्या. सरकारी वकील तरणा, हुशार माणूस होता. त्यानं त्यांचा जबाब वाचून दाखवला.

"'तिचा हात केसभर चुकत नाही.' हे तुमचेच शब्द ना?"

"माझंच."

"काठी वाटेत थांबवायला तुम्हीच तिला शिकवलंत?"

"म्याच."

"म्हणजे मयताच्या डोक्यापाशी तिला ती थांबवता आली असती. तिनं थांबवली नाही."

"सायेब," वस्ताद म्हणाले, "थांबवली न्हाई असं न्हवं. थांबली न्हाई."

"शब्दांचा खेळ नको. हात चुकतो की नाही, तेवढं सांगा."

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. सबंध आयुष्यात त्या माणसानं स्वतःच्या तालमीविषयी वाईट शब्द काढला नव्हता, आणि दुसऱ्यानं काढला तर त्याची गय केली नव्हती. त्यांनी फेटा सारखा केला. मग उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. दोन बोटांच्या जागी दोन खुंट होते.

"चुकतोय, सायेब," ते म्हणाले. "केसभर. ह्यो बघा, एवढा."

न्यायाधीशांनी विचारलं, हे कधी झालं, कुणासमोर झालं. वस्तादांनी पाटलाचं नाव सांगितलं, मास्तरांचं सांगितलं, शेवटी दाजीच्या भावाचं सांगितलं. सरकारी वकील म्हणाला, साक्षीदार फितूर झालाय. पण पुढं शिराळकरांनी दाजीच्या भावालाच उलट विचारलं तेव्हा त्यालाही मान्य करावं लागलं, की हात चुकला, त्याच्या डोळ्यांदेखत चुकला. मी पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरून उभी होते. मला रडू फुटलं ते शिक्षेच्या भीतीनं नाही. ज्या माणसानं मला कधी "शाब्बास" म्हटलं नाही, तो माझ्यासाठी भर कोर्टात आपली आयुष्यभराची कमाई मातीत घालत होता, आणि मला "खोटं आहे हे" असं ओरडायची चोरी होती.

मी सुटले. जीव जायची भीती असलेल्या माणसाचा प्रत्येक वार मोजूनमापून पडेल अशी अपेक्षा कुणी धरू नये, असं निकालात होतं. बाहेर आलो तर गावच्या एका टवाळानं वस्तादांना डिवचलं, "काय वस्ताद, चुकली म्हणं तुमची वाघीण?"

"चुकली की," वस्ताद म्हणाले आणि डाव्या हातानं चहाचा ग्लास घेतला.

पुढं त्यांना पट्टा धरता आला नाही. फेटासुद्धा माझी आईच बांधून द्यायची. लांबलांबच्या तालमी आमच्या जत्रेला येईनाशा झाल्या. चुकणाऱ्या हाताची तालीम म्हणून आमचं नाव झालं. वस्तादांनी ते हसून ऐकलं आणि शेवटपर्यंत तेच सांगत राहिले. ते गेले तेव्हा मला बोलायची मोकळीक झाली, असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. हे आज इथं लिहिलं तेवढंच.

तालीम आता मी चालवते. अर्ध्याहून जास्त पोरीच आहेत. आमच्यात तळहातावर लिंबू ठेवत नाहीत, आणि काठी थांबवायला शिकवते तेव्हा समोरच्या पोरीला मी आधी सांगते, की तू हलायचंस, पाहिजे तिकडं हलायचंस. काठीला कापड गुंडाळलेलं असतं. काठी बहुतेक वेळा बसते. दर वर्षी एखादी नवी पोरगी जत्रेत काहीतरी ऐकून येते आणि विचारते, "ताई, तुमचा हात चुकला हुता म्हणं?"

आमच्या खेळात ह्याहून मोठी शिवी नाही. अजूनही ऐकलं की माझा उजवा हात शिवशिवतो.

"व्हय गं," मी म्हणते. "चुकला हुता. केसभर."